हयातीचा दाखला

सकाळी सहाला जेलरोडच्या बाकावर आम्ही पाच जण,
सगळे नोटांच्या प्रेसमधून रिटायर.
चाळीस मिनिटं चालतो, तासभर बोलतो.
विषय शोधावा लागत नाही, समोरची गल्ली पुरते.

गल्लीच्या तोंडाशी झनकरांचं घर.
दगू झनकर उंबऱ्यात बसलेला,
अंबडची कंपनी बंद झाली त्याला चार वर्षं झाली.
थोरला पोरगा मोबाइलात मान घालून.
कुलथे म्हणतात, बघा, दोन धडधाकट गडी
आणि चूल रेशनच्या तांदळावर.
सानप म्हणतात, फुकटाची सवय तंबाखूपेक्षा वाईट.
कुणीतरी टॅक्सचं काढतं.
खोटं कशाला सांगू, सगळ्यांत चांगलं वाक्य माझंच होतं:
हरी देवो न देवो, सरकार देतंय,
यांची फक्त खाट.
हसले सगळे.
दिवसभर मला ते वाक्य पुरलं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो.
म्हणजे, आपण मेलो नाही
हे अंगठ्यानं यंत्राला पटवायचं.
बिटकोजवळच्या केंद्रात रांग, मफलरी, खोकले.
माझ्यापुढे मथुरा झनकर. दगूची बायको.
द्राक्षांच्या कंपनीची जुनी पिशवी, तिच्यात रेशनकार्ड.

तिचा अंगठा उमटेना.
पुसा, मावशी. पुसला.
लाल दिवा.
दुसरा अंगठा. मग एकेक बोट,
छडी खायला पोरं करतात तसं पुढे.
भांडी घासता का?
सहा घरची होती, ती म्हणाली, आता दोनच.
मागून आवाज आला, चला ओ,
आम्हाला कामं आहेत.
दोन-चार जण हसले. तसंच, बाकावरचं हसू.
मी ओळखलं ते.

उद्या या, मावशी.
उद्याही आले होते, ती म्हणाली,
आणि वाक्यातली चूक कुणी काढली नाही.

मग मी.
या काका, बसा. खुर्ची सरकली.
माझाही अंगठा उमटेना.
बत्तीस वर्षं शाई आणि शाई काढायचं रसायन,
रेषा कधी गेल्या कळलं नाही.
पुन्हा लाल. पुन्हा.
पोरगा म्हणाला, होतं असं काका,
आयुष्यभर काम केलेले हात आहेत.
मागून कुणी काही बोललं नाही.

ती दारात चप्पल शोधत होती.
केसांवर घासा, म्हणाली, तेल लागतं थोडं.
मी टोपी काढली.
केस असते तर.
ती पहिल्यांदा हसली, मग कपाळावर घासा.
घासला. हिरवा दिवा.
मी जिवंत, आणखी एक वर्ष.

विचारायचं राहून गेलं,
तिनं स्वतः घासून पाहिला होता का.
पाहिला असणारच.
भांगाजवळ तेलाचा ओघळ होता.

एक तारखेला बाकावर बसलो होतो.
आधी सानपांचा मोबाइल वाजला, मग कुलथ्यांचा,
मग ओळीनं सगळ्यांचे.
आली, कुलथे म्हणाले, चष्मा वर करून.
पाच माणसं, सकाळची वेळ,
कुणाच्या हातात काम नाही,
आणि खिशात बसल्या जागी येऊन पडलेले पैसे.
आमचं हक्काचं आहे, ते वेगळं.
वेगळं आहेच.
पण इतकी वर्षं कोऱ्या नोटा हाताळल्या,
हे मला तेव्हा कधी छापावं लागलं नव्हतं त्यांच्यावर.

सानप म्हणाले, ते खाटेचं सांगा ना हो,
यांना माहीत नाही, नवीन आलेत.
मी म्हणालो, विसरलो.

पलीकडे उंबऱ्यात दगू बसला होता,
आमच्याकडेच बघत.
शेजारी पोरगा, त्यानंही मान वर केली होती.
दगू त्याला काहीतरी सांगत होता,
हात आमच्या दिशेनं करून.
मधून रिक्षा गेली.
पोरगा हसला.